अक्का उदगीरला पोचली

माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाली आणि बिदरजवळ नौबादच्या घरात ती आणि दाजी, एवढीच माणसं उरली. लेक नोकरीला हैदराबादला गेली. जाताना तिनं आईच्या फोनमध्ये रंगीत गोळे फोडायचा खेळ टाकून दिला. "करमंल तुला," म्हणाली.

करमलं, पण जरा जास्तच. दूध उतू जायला लागलं. दाजी ताटावर बसून भाकरी मागायचे, आतून आवाज यायचा, "आलेच, येवढं एक."

एकदा ती आमच्याकडं कमलनगरला यायला निघाली. मी स्टँडवर उभी. बिदरची गाडी आली, थांबली, उदगीरकडं निघून गेली. अक्का काही उतरली नाही. फोन उचलेना. माझा जीव टांगणीला. बऱ्याच वेळानं तिचाच फोन आला.

"बाई, मी उदगीरला हाय."

"कामून? तिथं कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाई गं. खेळत बसले. कंडक्टर ओरडला म्हणं, मला ऐकूच आलं न्हाई."

मी हसत सुटले. पण संध्याकाळी ती पेरूची पिशवी छातीशी धरून उतरली, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. चहा पिताना म्हणाली, "वार्डात सारखं कुणीतरी हाक मारायचं, सिस्टर, इकडं या. आता फोन वाजला की वाटतंय, मलाच बोलवायलेत. खेळायला बसले की गुडघा दुखत न्हाई, लेक आठवत न्हाई." मग हळूच, "विहारात ध्यानाला बसले तर डोळ्यापुढं गोळेच. लाल, निळे. बुद्धाच्या म्होरं बसून मी गोळे फोडायले!"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ती रडायला लागली. मग तिनंच फोन माझ्या हातात दिला. "मी जाईपर्यंत दिऊ नको. मागितला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मागितला. दाजींशी बोलायचंय म्हणे. मी माझ्या फोनवरून लावून दिला, तर दोन शब्द बोलून ठेवला. बसल्या बसल्या तिचा अंगठा चादरीवर आपोआप फिरायचा. वरणात मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसली. मी ऐकून घेतलं. आई शेतावर जायची तेव्हा हिनंच मला न्हाऊमाखू घातलेलं.

पुढं एका दुपारी शेतातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. अक्का सूप घेऊन अंगणात सोलत बसली. चहाला दोनदा हाक मारली, तिला पत्ता नाही. कप तिच्याजवळ ठेवला आणि मीही शेंगा सोलायला बसले. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. "चहा कवा आणलीस गं?"

जाताना तिनं फोन मागून घेतला. खेळ तिनं काढून टाकलेला नाही. संध्याकाळी थोडा वेळ खेळायचा आणि ठेवून द्यायचा, असं ठरवलंय. कधी जमतं, कधी नाही. जमलं नाही की स्वतःच मला फोन करून सांगते, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसतो.