लेझरनंतर रडायचं नाही

बाळांनो, धाकटीने परवा फोनवर विचारलं, "आजी, लेझर करताना दुखतं का गं?" तिचं लेझर चष्मा घालवण्याचं, माझं वेगळ्या कामाचं होतं. मोतीबिंदू काढून बसवलेल्या भिंगामागे काही वर्षांनी सायीसारखा पातळ पडदा धरतो, तो फोडण्याचं. तरी विचारलंच आहे, तर माझ्यापुरतं सांगते.

अकोल्याला माझी थोरली बहीण, तुमची माई आजी, अंथरुणाला खिळली होती. तिचा चेहरा एकदा नीट पाहावा, एवढंच माझ्या मनात होतं. फोनवर म्हणाली, "तुले धड दिसून नाई राहिलं, तं येऊन पाहाशीन काय? पयले डोया नीट कर, मंग ये. मी कुठी पळून नाई चालली."

मी म्हटलं, "तुयात पाहाले उरलं काय आता?" खोकला लागेपर्यंत हसली.

अमरावतीच्या दवाखान्यात आधी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. बराच वेळ बाकावर बसले. समोरचं कॅलेंडर हळूहळू पुसट झालं. मग डोळा बधिर करणारा थेंब, यंत्रावर हनुवटी, कपाळाला पट्टा, डोळ्यावर टेकवलेलं गार भिंग. लाल ठिपका दिसला, टक-टक आवाज झाला. दुखलं नाही. कपातला चहा निवेपर्यंत आटोपलं. पट्टीसुद्धा नाही. "काही दिवस काळे ठिपके तरंगतील, घाबरू नका," असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर तुमच्या काकाने माझा फोन काढून घेतला. "आज डोळ्यांना आराम." काकू मला गॅसजवळ फिरकू देईना. मोतीबिंदूच्या वेळचेच नियम पाळताहेत, असं मला वाटलं. बाहुली अजून मोठी होती; दोघांचे चेहरे मला धड दिसत नव्हते.

सकाळी काकाने खुर्ची जवळ ओढली. माई आदल्या दुपारीच गेली होती, मी त्या बाकावर बसले होते तेव्हा. संध्याकाळी सगळं उरकलंही होतं.

"आई, तू रडली असतीस. डोळा हातचा गेला असता."

त्याचेच डोळे सुजले होते. ते मला अगदी स्वच्छ दिसलं.

अकोल्याला पोचलो तेव्हा माईची खाट उचललेली होती. त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला होता, वर टोपली. गेलेलं माणूस कोणत्या रूपाने पुन्हा येणार, ते पिठावरच्या ठशावरून कळतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. माईच्या सुनेने टोपली उचलली. "मावशी, तुमीच पाहा. तुमचा डोया आता ताजा आहे."

मी वाकले. पिठाचा कण न् कण दिसत होता. माझ्याच डोळ्यातला एक काळा ठिपका त्यावरून तरंगत गेला. ठसा कुठेच नव्हता. बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"नाई," मी म्हटलं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, रडलं तर चालतं का? "या लेझरनंतर? खुशाल. त्याच दिवशीसुद्धा," ते म्हणाले. धाकटे, तुझ्या डॉक्टरांना तू हे आधीच विचारून घे, आणि घरच्यांच्या समोर विचार.

तेव्हा काका बाहेर गाडी लावत होता. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.