कारखान्याचा वायरलेस आणि बापूचं स्थळ

हंगाम संपला की केन यार्डात उसाचं पाचट उरतं आणि आमच्या वायरलेसच्या खोलीत किस्से! नव्वदच्या दशकात राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी विभागाचा क्लार्क होतो. मोबाईल नव्हते, फोन निम्मा वेळ मुका. सगळा कारभार वायरलेसवर, आणि वायरलेसवर खरखर लई!

हेड ऑपरेटर नानांचा त्यावर इलाज ठरलेला. प्रत्येक शब्द तीनदा. एकदा खरखरीत गेला तरी दोनदा पोचतो.

तिसगाव सेंटरवरून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. तिथं वायरलेसवर भीमराव नवीन लागलेला. पहिल्याच दिवशी नाना माईकवर ओरडले, "टोळी, टोळी, टोळी पाठवा, पाठवा, पाठवा!"

दुसऱ्या दिवशी गेटवर तीन टोळ्या हजर! बैलं, बिऱ्हाडं, कोंबड्यांसकट! भीमरावला विचारलं तर म्हणतो, "तुमीच तर मोजून सांगितलं!"

*

दुसरा ऑपरेटर बापू. शब्द एकदाच, तोही पळता. कारण आम्हाला ठाऊक होतं. तिसगावच्या सुनीताला तो बघून आला होता आणि जीव तिथंच अडकला होता. भीमराव तिचा शेजारी. कारखान्याचे निरोप पटकन उरकले की विचारता यायचं, "भीमराव, तिच्या घरचे काय म्हणतात?"

या घाईत एकदा "उद्या ट्रक नको" मधलं "नको" खरखरीत गेलं. सकाळी यार्डात ट्रकच ट्रक!

नाना म्हणाले, "बापू, तुझी एसटी वेळेवर सुटते रे, फक्त पॅसेंजर ष्टँडवर राहत्यात! उशीर परवडला, चूक न्हाई."

बापू फणकारला, "नाना, उशीर हीच चूक!"

*

नानांचा दुसरा नियम म्हणजे निरोप पुरता आल्याशिवाय त्यातलं अक्षरही सांगायचं नाही. हेडफोन लावून, बोट वर करून बसायचे.

एकदा शेतकी अधिकारी टेबलापाशी तळमळत उभे. "अहो नाना, गाडी निघाली का तेवढंच सांगा!" नानांचं बोट वरच. साहेबांचा चहा गार झाला. अखेर नानांनी हेडफोन काढला.

"निघाली हाय, साहेब."

तेवढ्यात खिडकीबाहेर त्याच गाडीचा हॉर्न वाजला!

*

मग सुनीताच्या घरी बैठक बसली. होकार की नकार, ते भीमराव कळवणार होता. बापू सकाळपासून उपाशी, एका जागी बसेना, म्हणून हेडफोन नानांनीच लावला. आम्हीही कामं टाकून टेबलाभोवती जमलो.

नानांचं बोट वर गेलं. भीमराव एव्हाना नानांच्या तालमीत तयार झालेला, शब्द तीनदा सांगत होता. बापू रडकुंडीला आला.

"नाना, पाया पडतो, निम्मं तरी सांगा!"

"निम्म्या निरोपावर मी ट्रक हलवत न्हाई, तुझं लगीन हलवू व्हय?"

शेवटी नानांनी सावकाश हेडफोन काढला आणि बापूच्या पाठीत धपाटा घातला. "होकार हाय, लेका!"

आम्ही टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली. बापूनं झडप घालून हेडफोन कानाला लावला, माईक तोंडाशी धरला.

"तिसगाव, नीट कळालं न्हाई! पुन्हा सांग. शब्द तीनदा, तीनदा, तीनदा! ओव्हर!"