घेतला म्हणा

एक्याण्णव साल. मी चोपन्न वर्षांचा. जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगचा पंप माझ्या ताब्यात. दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेला एक रिटायर माणूस पहिल्याच दिवशी न विचारता पंपरूममध्ये शिरला, पंपाला उलटा हात लावला आणि म्हणाला, "तापतोय जरा."

मला राग आला. चौथी शिकलो असलो तरी पंप मला कळतो.

सगळे त्याला ऑपरेटर म्हणायचे. घाटाखालच्या जलविद्युत केंद्रात तीस वर्षं त्याने टर्बाइन सांभाळलेलं. डोंगरावरून पाइपातून पाणी कसं कोसळतं, टर्बाइन फिरून वीज कशी होते, हे तो वाण्यालासुद्धा हिंदीतून सांगायचा. मला म्हणायचा, "आमचं पाणी खाली उतरून वीज द्यायचं. तुमचं वीज खाऊन वर चढतं. उलटा कारभार." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, नोकरी संपली तरी ड्युटीवरच.

एकदा मला ताप आला. दोन दिवस पंप त्याने चालवला. तिसऱ्या दिवशी मी आलो तर पंपावर हात ठेवून म्हणाला, "दिला." मी म्हटलं, बरं, जा आता. जाईना. त्यांच्याकडे पाळी बदलताना पुढच्याने मशीनला हात लावून 'घेतलं' म्हटल्याशिवाय आधीचा हलायचा नाही. दरड कोसळून बदली माणूस आला नाही, तेव्हा हा दीड दिवस मशीनपाशी बसलेला.

"घेतला म्हणा, पंपवाले. मग मी जेवतो."

त्याची बायको ताट वाढून खाली बोलवायला आली, तेव्हा तिच्याकडे बघून 'घेतला' म्हणालो. त्या दिवसापासून रोज खाली दोन कप चहा येऊ लागला.

पुढे एकदा सेक्रेटरीसमोर तो बोलून गेला, की पंपाचं बेअरिंग खराब होत चाललंय. चाललं होतंच. पण चारचौघांत? मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच महिन्यात तो आजारी पडला. गावी न्यायचं ठरलं. रिक्षा दारात उभी असताना काठी टेकत पंपरूममध्ये आला, उलटा हात ठेवला. "दिला."

मी फडक्याने व्हॉल्व्ह पुसत राहिलो. तो बराच वेळ उभा होता. शेवटी मुलाने धरून नेलं.

तो गेल्यावर मी गुपचूप बेअरिंग बदलून घेतलं.

पंधरा दिवसांनी मुलगा परत आला. म्हणाला, "काका, बाबा आता कोणाला ओळखत नाहीत. पण रोज विचारतात, पंपवाल्याने घेतला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीला खाली बोलावलं. त्याचा हात पंपावर ठेवला आणि म्हणालो, "दिला." तो हसला. जा की काका, मी बघतो म्हणाला. मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. वरच्या मजल्यांवर रिकाम्या बादल्या वाजू लागल्या. त्याने 'घेतला' म्हटलं, तेव्हा मी ऑपरेटरच्या गावची एसटी धरायला निघालो.