डॅशबोर्डखालचा डबा

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही तिला रिक्षाने न्यायचो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बिबवेवाडीतून शहरातल्या हॉस्पिटलपर्यंतचे धक्के तिला सोसेनात, म्हणून मोबाइलवरून गाड्या मागवून पाहिल्या. त्या बुटक्या. आधी वाकायचं, मग डोकं आत घ्यायचं, मग पाय. चार तास मशीनला जोडून राहिलेल्या शहात्तर वर्षांच्या बाईला हे जमत नाही.

दारात बाबांची पन्नास वर्षांची गाडी उभी होती. तिचं दार रुंद उघडतं आणि पुढची सीट सोफ्यासारखी अखंड आहे, आईच्या गुडघ्याइतक्या उंचीची. टेकायचं आणि पाय फिरवून आत घ्यायचे. बाबांची नजर अधू झाल्यापासून गाडी मीच चालवत होते. आदल्या वर्षी मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले होते, त्यामुळे वेळही होता. आई पुढे माझ्या शेजारी, बाबा मागे, असं आमचं जाणं-येणं सुरू झालं.

एप्रिलमधल्या एका दुपारी परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला आम्ही वीसेक मिनिटं अडकलो. गाडीला एसी नव्हता. आई बोलता बोलता थांबली. मी वळून पाहिलं तर तिची मान दारावर कलली होती आणि कपाळ गार पडलं होतं. मी हॉर्न वाजवत गाडी वळवली आणि तिला परत हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्तदाब खूप उतरला होता. सलाइन लावून तिला तास-दीड तास ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "घरी नेताना यांना उन्हाचा त्रास होता कामा नये."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी आमच्या दोन गल्ल्या पलीकडच्या एसी मेकॅनिककडे नेली. तो अमरावतीकडचा, बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यात आलेला. त्याने सीटवर उताणं पडून डॅशबोर्डच्या खाली बॅटरी मारली.

"मॅडम, कूलिंग कॉइल इथंच बसते. पण इथं आधीच एक डबा आहे."

तो हीटर होता. आधीच्या मालकाने बसवून घेतलेला. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून त्याच्या कॉइलमध्ये खेळायचं आणि मागचा पंखा ती ऊब आत फेकायचा. आम्ही तो क्वचितच लावला असेल. पण घरी विषय काढला तसे बाबा म्हणाले, "हीटर काढायचा नाही."

"बाबा, पुण्यात हीटर कुणाला लागतो?"

"लागत नाही म्हणून काढायचं ठरवलं, तर या घरातून बरंच काही निघेल."

मी वाद घातला नाही, पण ऐकलंही नाही. आईची ती कललेली मान डोळ्यांसमोरून जात नव्हती. सोमवारी हीटर निघाला. पाइपांची टोकं एकमेकांना जोडून टाकली, डब्याच्या जागी कूलिंग कॉइल आली, इंजिनाला कॉम्प्रेसर लागला. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी बसली, तशी इंजिन तापू नये म्हणून त्याला जास्तीचा पंखाही आला. बाबा त्या दिवशी गॅरेजकडे फिरकले नाहीत. काढलेला हीटर पोत्यात घालून त्यांनी गॅलरीत ठेवून घेतला.

उन्हाळा निभावला. आई गाडीत बसली की डोळे मिटायची आणि घर आल्यावरच उघडायची.

ऑगस्टमध्ये निराळंच झालं. डायलिसिसनंतर तिला हुडहुडी भरू लागली. तिथली नर्स म्हणाली, रक्त बाहेर फिरून येतं, तेव्हा काही जणांना होतं असं, गरम कपडे आणत जा. मी स्वेटर नेला, शाल नेली. एका शनिवारी पावसाने झोडपलं होतं. काचा बंद केल्या की आतून धुकं धरायचं आणि समोरचं दिसेना. एसी लावला की काच स्वच्छ व्हायची, पण आई थरथरायची. एसी बंद केला, तिच्या बाजूची काच बोटभर उघडली, तर तिची बाही भिजली. मी एका हाताने फडक्याने काच पुसत, एका हाताने स्टिअरिंग धरून कशीबशी घरी आले. आईचे दात वाजत होते. बाबा मागून उतरले, त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला आत नेलं.

ते आता हीटरवरून बोलतील, म्हणून मी तयारच होते. शेवटी रात्रीच्या जेवणाला मीच म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. हीटर ठेवायला हवा होता."

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मला तरी कुठे ठाऊक होतं? वस्तू आवडती होती म्हणून मी हट्ट धरला. दुसरं कारण नव्हतं."

बाबांनी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं काढली. सकाळी ते आलेखाचा कागद, पट्टी आणि भिंग घेऊन बसले. त्यांचं म्हणणं, डबा एकच ठेवायचा, पण आत दोन कॉइल उभ्या करायच्या: पुढे थंड, मागे गरम, पंखा एक. मेकॅनिकला बोलावलं. त्याने कागद उलटसुलट केला.

"पण काका, पुण्यात काहून पाहिजे तुम्हाले हीटर?"

मी त्याला आईच्या हुडहुडीबद्दल सांगितलं. त्याने खिशातून मापाची टेप काढली. मग म्हणाला, "चला, माप घेतो."

"तुम्ही घ्या," बाबा म्हणाले. "मग मी परत घेतो."

दोघांच्या मापात अर्ध्या इंचाचा फरक निघाला. तिसऱ्यांदा मोजल्यावर बाबांचं चुकलेलं सापडलं. त्यांनी खोडरबर मागून घेतलं आणि निमूटपणे रेघ बदलली.

गॅलरीतला जुना हीटर उपयोगाचा नव्हता. मेकॅनिकने त्याची कॉइल बादलीत बुडवून हवा भरली तर चार ठिकाणांहून बुडबुडे आले. त्याने भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीची कॉइल मिळवली. गरम पाणी कमी-जास्त करायला कॉक बसवला. पंख्याचं बटण मी बुधवार पेठेतून आणलं. पहिलं चुकीचं निघालं, म्हणून दुसऱ्यांदा गेले. पत्र्याचा डबा बाबांच्या कागदावरून वाकवून आला. पहिल्याच चाचणीला पाइपाची पकड सुटून गरम पाणी खालच्या सतरंजीवर सांडलं. मेकॅनिकने पकड बदलली आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी आई कुडकुडत बाहेर आली. तिला बसवून मी कॉक उघडला. इंजिन गरम झालं तसा आधी तापलेल्या रबराचा वास आला, मग ऊबदार हवा. एसीही बारीक चालू होता, त्यामुळे काचेवर धुकं नव्हतं.

"पायाला ऊब लागतेय," आई म्हणाली. तिने शाल मांडीपर्यंत खाली घेतली. स्वारगेट ओलांडल्यावर म्हणाली, "आता बंद कर, उकडतंय."

मागून बाबांनी विचारलं, "चाललं ना नीट?"

"चाललं. पण आवाज फार करतं हो."

"आवाज कागदावर काढता येत नाही," बाबा म्हणाले.

याला दोन वर्षं झाली. आई अजून आठवड्यातून तीनदा जाते. हल्ली आमची पाळी सकाळची असते, परतताना रस्ताही जरा मोकळा मिळतो. कॉकची मूठ तिच्याच बाजूला आहे, ती स्वतः फिरवते, आणि मला विचारत नाही.