आतली शिवण

टपालकाकांकडे गल्लीचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते त्यांनी बसथांब्यावर उभं राहून समोरच्या भिंतीला मूठ दाखवली तेव्हा. मूठ दाखवायची, झटकन उघडायची, स्वतःच्याच बोटांकडे बघून चकित व्हायचं आणि पुन्हा मूठ वळायची. बस आली, थांबली, निघून गेली, काका तिथेच. भिंतीवर दंतवैद्याची जाहिरात होती, तेव्हा काकांचा राग त्याच्यावर असावा, असा एक तर्क निघाला. निवृत्तीनंतर माणसाचं असंच होतं, हा दुसरा तर्क. तो अजून निवृत्त न झालेल्यांनी काढला.

त्याआधी चौतीस वर्षं या माणसाकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. टपाल कचेरीत मागच्या खोलीत एका खणाखणांच्या लाकडी कपाटासमोर उभं राहायचं, पत्ता वाचून पत्र ज्या त्या खणात टाकायचं, खण भरला की गठ्ठ्याला रबरबँड चढवायचा, हे त्यांचं काम. सैल पडलेले, टाकून द्यायचे रबरबँड ते घरी आणत आणि एका काचेच्या बरणीत भरून ठेवत. लोकांच्या बरणीत बिस्किटं असतात, आमच्याकडे ही गांडुळं, असं काकूंनी त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

काकू म्हणजे शिलाईकाकू. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. गळ्यात टेप, हातात वीतभर पात्याची कात्री आणि तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या तरी काकूंचं बोलणं अडत नसे, आणि घरातले हुकूम त्याच बाजूनं सुटत.

मग एक दिवस वरच्या फळीवरचं अस्तराचं कापड काढताना काकू स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हाड सांधलं होतं, पण बोटं आखडून बसली होती. कात्रीच्या कड्यांत ती कशीबशी गेली. कात्री काही उघडेना. काकूंनी कात्री खणात ठेवली, यंत्रावर चादर टाकली आणि आलेल्या गिऱ्हाइकांना कापडं परत दिली. गल्लीतल्या नर्सबाईंचा एक कोट तेवढा कापून तयार होता, शिवायचा राहिला होता. तो कपाटात तसाच राहिला. नर्सबाईंनी मागितला नाही, काकूंनी विषय काढला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी येऊन गेल्या. पाचही बोटांभोवती रबरबँड घालायचा आणि बोटं जोर लावून उघडायची. सकाळी पन्नास वेळा, संध्याकाळी पन्नास वेळा. दोन-तीन महिन्यांत केलं तर हात मोकळा होईल, नाही केलं तर असाच राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकूंनी त्यांच्यासमोर चार वेळा केलं. ताई गेल्यावर रबरबँड काढून काकांपुढे टाकला.

"मी काय पालेभाजीची जुडी आहे?"

काकांनी आठवण करून पाहिली. चहाच्या बशीत रबरबँड ठेवून पाहिला. तुमच्या खात्याचं काम तुम्हीच करा, असं उत्तर मिळालं. काकूंच्या मनात काय आहे ते काकांना कळत होतं. पन्नास वेळा करून हात मोकळा झाला नाही तर? न केलेल्या व्यायामावर निदान खापर तरी फोडता येतं.

मग काका मोबाइलवर बोटांचे व्यायाम शोधत बसले आणि शोधता शोधता भलत्याच गावाला पोचले. काळ्या शर्टातला एक पोरगा दोन बोटांत रबरबँड घालत होता, मूठ वळत होता, आणि मूठ उघडली की रबरबँड टुणकन उडी मारून शेजारच्या दोन बोटांत. खाली लिहिलं होतं, पाच मिनिटांत शिका. काकांनी ते तीनदा पाहिलं. त्यांना त्यात जादू दिसलीच नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की चारही बोटं पूर्ण दुमडल्याशिवाय आणि रबरबँडच्या ताणाविरुद्ध उघडल्याशिवाय ही उडी होत नाही. म्हणजे ताईंचाच व्यायाम, फक्त वेष बदललेला. तो व्यायाम म्हणून दारात आला तर काकू हाकलतील. जादू म्हणून आला तर निदान ‘ये, बस’ म्हणतील.

पाच मिनिटांची विद्या काकांना अकरा दिवस लागली. पोरगा भरभर करायचा म्हणून त्यांनी व्हिडिओचा वेग निम्मा केला. मग गुरुजी तोंडात लाडू कोंबल्यासारखे बोलू लागले. बरणीतले रबरबँड निवृत्त झालेले. एक बोटात तुटला तो थेट नाकावर बसला. मग काकांनी नवे विकत आणले, लाल रंगाचे. घरात सराव केला तर काकूंना कळणार, म्हणून बसथांबा गाठला. तिथे भिंतीसमोर हात धरला की उडी अशी काही साधायची, की काका दर वेळी स्वतःच थक्क व्हायचे.

बाराव्या दिवशी चहानंतर ते काकूंसमोर खुर्ची ओढून बसले. हात पुढे केला, अगदी गुरुजींसारखा, तळवा समोर. दोन बोटांत रबरबँड घातला, ताणला, चारही बोटं त्यात दुमडली, एक फुंकर मारली आणि मूठ उघडली. रबरबँड उडाला. काकांनी भुवया उंचावल्या.

काकू म्हणाल्या, "सगळं दिसलं की."

काकांना ते पटेना. मोबाइलवरचा पोरगा असंच करतो, म्हणाले. त्यांनी पुन्हा केलं. काकूंनी पुन्हा पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. काकूंचा जन्म कापड उलटं धरून शिवण्यात गेलेला.

"अहो, त्या पोरानं तुम्हाला शिकवायला म्हणून आतली शिवण दाखवली. तुम्ही तोच कपडा उलटा घालून गावभर फिरताय."

भिंतीनं अकरा दिवस सगळं गुपित पाहिलं होतं आणि जादू फक्त जादूगाराला दिसली होती. काकू हसायला लागल्या त्या थांबेचनात. प्लास्टर चढल्यापासून त्या घरात एवढं हसू झालं नव्हतं.

हात फिरवा, म्हणाल्या. काकांनी फिरवला. मग रबरबँड कुठल्या बाजूला ताणायचा ते कळेना, बोटं एकमेकांत अडकली, करंगळी बाहेरच राहिली. वाकडं काम समोर चाललेलं काकूंना कधी सोसलं नाही. मुली शिवण शिकायला यायच्या तेव्हाही वाकडी टीप दिसली की कापड हातातून ओढून घ्यायच्या.

"आणा इकडे."

डाव्या हातानं त्यांनी रबरबँड उजव्या बोटांत घातला. पहिली दोन बोटं दुमडली. उरलेली दोन, फोटोत नको म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखी, बाजूला ताठ उभी. रबरबँड जागचा हलला नाही. काकांना खूप काही बोलायचं होतं. ते पंख्याकडे बघत बसले. काकूंनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. काका मनात मोजत होते. तेहतीसला काकूंनी रबरबँड काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, की कालचं राहिलंय. मग दोघं समोरासमोर बसून झटू लागले. काकांना सुलट बाजूनं जमत नव्हतं, काकूंना कुठल्याच. तिसरं बोट आठवड्यात आत आलं. करंगळीनं मात्र पुरता महिना घेतला. एका सकाळी काकूंनी काकांना हाक मारली, मुठीची मागची बाजू समोर धरली आणि बोटं उघडली. लाल रबरबँड तिसऱ्या-चौथ्या बोटांवर जाऊन बसला होता.

 मग काकूंनी विचारलं, "खरं सांगा, मला शिकवायला लावायचं म्हणून मुद्दाम उलटं केलंत?"

हो म्हटलं असतं तर जन्मभर शहाणे ठरले असते. पण चौतीस वर्षांत त्यांनी एकही पत्र जाणूनबुजून चुकीच्या खणात टाकलं नव्हतं.

"नाही गं. मला ते बरोबरच वाटत होतं."

"वाटलंच," काकू म्हणाल्या, आणि खणातली कात्री आणायला सांगितली.

आधी त्यांनी जुनं वर्तमानपत्र कापलं. पहिल्यांदा कात्री अर्धीच उघडली. दुसऱ्यांदा पुरती उघडली आणि कडेपर्यंत सरळ गेली. मग त्यांनी यंत्रावरची चादर काढली आणि नर्सबाईंचा कोट बाहेर घेतला.

त्या कोटाला आता दीड वर्ष झालं. पाऊस पडणार असला की काकूंची करंगळी अजून कुरकुरते. जादू काकांना सुलट बाजूनं चारदा केली तर एकदा जमते. सध्या ते काकूंच्या दुकानात बटणं लावतात, आणि तयार कपड्यांवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी ठेवून, रबरबँड चढवून, ज्या त्या खणात ठेवतात.