इंद्रभानने गाळलेल्या चांदण्या

२१ जानेवारी १९७७ रोजी इंद्रभान खिल्लारेने पहिल्या पगाराचे सत्त्याहत्तर रुपये घेतले आणि पावतीवर अशी सही केली, की जणू दुकानाची पाटीच रंगवली. इंझोरीचा हा पेंटर. गावातल्या विहाराच्या कमानीवरची अक्षरं त्याचीच.

त्या हिवाळ्यात कारंजा लाडच्या बाहेर शास्त्रज्ञांचा तळ पडला होता. तिथला हिशेब माझ्याकडे होता. अंधार पडला की एका यंत्रातून लाल उजेड आभाळात सोडत. वरच्या धुळीवरून तो किती परततो, यावरून कोणत्या उंचीवर किती धूळ आहे हे कळे. आकडे संगणकात जात. त्याला पडदा नव्हता. टाइपरायटरसारख्या कळांवर एका ओळीचा हुकूम टंकला, की तो खडखडत कागदावर चांदणीच्या आकाराच्या खुणा छापी आणि त्या चांदण्यांचाच आलेख होई. त्या ओबडधोबड चांदण्यांवरून शाईची सुबक रेघ ओढायचं काम इंद्रभानचं. आलेख दिल्लीच्या परिषदेला जायचे होते. प्रत्येकाखाली त्याचं नाव घालायला तळाचे प्रमुख गोविंदसिंग यांनीच सांगितलं होतं.

त्याच्या बायकोने, लिलाबाईने, ही गोष्ट विहिरीवर सांगितली.

"आमच्या घरच्याइचं नाव दिल्लीले चाल्लं."

"मंग तू काहून पाणी भरून राह्यली?" शेजारची रंगूबाई म्हणाली. "दिल्लीवालीनं नळ लावावा ना!"

इंद्रभान हे मोठ्या खुशीने सांगायचा.

फेब्रुवारीत गोविंदसिंगांनी त्याचा एक आलेख आणि मूळ कागद शेजारी शेजारी ठेवले.

"इंद्रभान, इथं दोन चांदण्या बाहेर निघाल्या. तुझी रेघ सरळ कशी गेली?"

"तो मशीनचा ठसका हाय, साहेब. रंग ओघळला तं आमी पुसतो. तसंच सोडून देल्लं."

गोविंदसिंग रागावले नाहीत. त्यांनी हुकूम टंकला. दुसऱ्या एका संध्याकाळचा आलेख निघाला. जवळजवळ त्याच उंचीवर चांदण्या पुन्हा बाहेर. मग तिसऱ्या संध्याकाळचा. तिथेही तेच.

"ठसका रोज तिथंच लागते का रे?"

इंद्रभानने तिन्ही कागद जवळ ओढले. "मंग काय हाय हे?"

"धुळीचा थर. तोच पाहायले तं आपण इथं आलो."

पाटीवर ओघळ राहू द्यायचा नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. त्याच सफाईने त्याने प्रत्येक आलेखातून तो थर पुसून टाकला होता. सगळे तंबूत होते. कोणी हसलं नाही, म्हणून त्याला जास्तच लागलं.

सगळे आलेख त्याने नव्याने काढले. तळाची शाई मात्र घेतली नाही. "नासवलं म्या, तं शाई बी माहीच," म्हणाला, आणि कारंजाच्या बाजारातल्या गोपीचंदच्या दुकानातून बाटली उधार आणली. या खेपेला चांदणी जिथे होती तिथेच रेघ वळली. खाली नावाची जागा त्याने कोरी ठेवली.

"आता बरोबर आहे. नाव लिही," गोविंदसिंग म्हणाले.

"पुढच्या खेपेले, साहेब."

तळ मार्चमध्ये हलणार होता. पुढची खेप नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

पावसाळ्यात छापील अहवालाची एक प्रत त्याच्या घरी आली. लिलाबाईने हात पुसून ती मांडीवर घेतली. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठी हाय तुमचं नाव?"

कोणत्याही ओळीवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. पानावर नावं भरपूर होती. त्याचं बोट आलेखाच्या त्या वळणापर्यंत गेलं आणि थांबलं.

"नाई. म्याच नाई लिहिलं." मग त्याने तिला सगळं सांगितलं.

तिने अहवाल मिटून बाजूला ठेवला. "मंग आता विहिरीवर म्या काय सांगू?"

लिलाबाई तेव्हापासून दुपारी, विहिरीवर कोणी नसताना, पाण्याला जाते. गोपीचंद अजूनही भर बाजारात "ओ दिल्लीवाले पेंटर!" अशी हाक मारतो, म्हणून इंद्रभान कारंजाला आला की मागच्या गल्लीने जातो. मी त्याच्या उधारीचे पैसे भरून टाकतो म्हणालो, तर "माह्यं मीच देईन," एवढंच बोलला.

शाईच्या बाटलीचे एक रुपया चाळीस पैसे अजून बाकी आहेत.