पुढेकाय बाईंच्या लटक्या मुलाखती

शाळेतली मुलं त्यांना पुढेकाय बाई म्हणायची. तोंडावर नाही, पण जिन्यात, पाण्याच्या नळापाशी आणि बाई पाठमोऱ्या झाल्या की लगेच. मूळच्या त्या चित्रकलेच्या. एका वर्षी चित्रकलेचे तास निम्मे झाले आणि उरलेल्या वेळात दहावीच्या मुलांना 'व्यवसाय मार्गदर्शन' करा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. बाकीचे शिक्षक आपापल्या विषयांच्या ढाली पुढे धरून बसले होते, तेव्हा हे लोढणं बाईंच्या गळ्यात पडलं.

बाईंना ते फार आवडलं. दिसेल त्या मुलाला थांबवून त्या विचारायच्या, "काय रे, पुढे काय?" एकदा एकजण म्हणाला, "पुढे मधली सुट्टी, बाई." त्याच्याही पाठीत धपाटा घालून त्या हसल्या. पण एकूण उत्तरं ऐकून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, आणि उरलेले सगळे "बाबा सांगतील ते." मुलांनी कामाच्या जागा बघितल्याच नव्हत्या, तर सांगणार काय? म्हणून बाईंनी मुलांना बाहेर न्यायची परवानगी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "एखादं पोर हरवलं तर पालकांना मी काय सांगू?" बाईंनी पुन्हा मागितली, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मग बाईंनी शाळेतच लटक्या मुलाखती ठरवल्या. नोकरीला गेल्यासारखं मुलांनी नटूनथटून यायचं आणि बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांनी प्रश्न विचारायचे. एक वकील, एक डॉक्टरीणबाई आणि एक बँकेतले साहेब येतो म्हणाले होते. त्या दिवशी सकाळी तिघांचेही फोन आले. वकिलांची तारीख लागली होती, डॉक्टरीणबाईंच्या पेशंटला कळा सुरू झाल्या होत्या आणि साहेबांचं पोट बिघडलं होतं.

बाई स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून बसल्या. शेजारी सासूबाई वेणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलाखतीच घ्यायच्यात ना? मी घेते."

सासूबाई निवृत्त होईपर्यंत औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याच्या मुख्य होत्या. कामावर येणारी प्रत्येक मुलगी आधी त्यांच्यासमोर बसायची.

"आई, या खोट्या मुलाखती आहेत."

"मुलाखत खोटी असू दे. पोरं खरी आहेत ना? माझी चांगली साडी काढ."

शाळेच्या हॉलमध्ये सासूबाई टेबलामागे अशा बसल्या, की पुढच्या रांगेतली मुलं आपोआप ताठ झाली. पहिला मुलगा आला. त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "मी मेहनती, प्रामाणिक आणि वेळेचा पक्का आहे."

"मग आत्ता उशीर का झाला?"

"टाय सापडत नव्हता."

"कुणाचा आहे हा?"

"काकांचा."

"मग काकांनाच पाठव. त्यांना घेते."

हॉल हसला. मुलगाही हसला आणि मग मोकळेपणाने बोलायला लागला. त्याच्या मागून वर्गात कायम पहिली येणारी मुलगी आली.

"लहानपणापासून मला डॉक्टर होऊन रुग्णांची सेवा करायची आहे."

"लहानपणापासून म्हणजे कधीपासून गं?"

"आईला विचारून सांगते," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिलाच हसू फुटलं. हसता हसता उचकी लागली. सासूबाईंनी आपला पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"आता तुझं सांग. आईचं कळलं."

"मला वस्तू खोलायला आवडतात," मुलगी म्हणाली. "आमचा मिक्सर मी खोलला होता."

"परत जोडलास?"

"जोडला. दोन स्क्रू उरले."

"चालला?"

"चालला. आधीपेक्षा जोरात."

आता मात्र हसण्याने बाकं हलायला लागली. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. नेमके त्याच क्षणी हा कसला गोंधळ म्हणून मुख्याध्यापक दारात आले. अंगकाठी सडसडीत, गळ्यात टाय. चष्म्याशिवाय सासूबाईंना एवढंच दिसलं.

"ये बाळा, बस. घाबरू नकोस."

बाई सासूबाईंना सावध करायला उठल्या. पण तोवर, का कोण जाणे, मुख्याध्यापक पुढे आले आणि खुर्चीवर बसले. त्यांना बाळा म्हणणारं कितीतरी वर्षांत कुणी भेटलं नसावं.

"काय व्हायचंय तुला?"

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "मला क्रेन चालवायची होती. उंच इमारतींवर असते ना, ती."

"मग?"

"वडील म्हणाले, आधी बी.एड. कर, मग बघू."

"मग?"

"अजून बघतोच आहे."

सासूबाईंनी चष्मा लावला. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या. बाईंनी तोंडात रुमाल कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर आलं, आणि शेवटी त्या खडूच्या कपाटाला धरून खाली बसल्या. सगळ्यात मोठ्याने हसत होते ते मुख्याध्यापक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. बाई राजीनाम्याची वाक्यं जुळवतच गेल्या.

"ते मुलांना बाहेर न्यायचं म्हणत होता," मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कुठे कुठे?"

"छापखाना, एक्स-रेची खोली, लिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप, नवीन इमारतीचं बांधकाम."

"बांधकामावर क्रेन असेल?"

"असेल, सर."

"मग बरोबर कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. मी येतो."

महिनाभर शाळेची बस गावभर फिरली. छापखान्यात काकांच्या टायवाल्याने शाईत हात बुडवले आणि हात धुवायलाच तयार होईना. लिफ्टच्या वर्कशॉपमधून पहिली येणारी मुलगी नाकावर ग्रीस घेऊन बाहेर आली, ती मेकॅनिकला "रविवारी येऊ का?" असं विचारतच. सासूबाई प्रत्येक फेरीला चांगली साडी नेसून पुढच्या सीटवर बसायच्या आणि प्रत्येक ठिकाणच्या साहेबाची मुलाखत घेऊन यायच्या.

बांधकाम शेवटी होतं. क्रेन बंद होती, पण चालकाने मुख्याध्यापकांना हेल्मेट घालून, पट्टा बांधून वर केबिनपर्यंत नेलं. खालून मुलांना त्यांचा फक्त हलणारा हात दिसत होता. तो हलायचा थांबेना. बाईंनी मुलं मोजून बसमध्ये बसवली, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी बंदच ठेवा. सर काही इतक्यात खाली येत नाहीत."